टेकडीच्या पोटातील खोली

आमच्या मंडळाची सहल म्हटली की तिच्यात देवदर्शन असावयाचे, एखादे धरण अथवा लेणे असावयाचे आणि दशम्यांचे डबे तर असावयाचेच, हे या सदराच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. २०१९ च्या फेब्रुवारीत हीच मंडळी सिंगापूरला गेली तेव्हाही डबे होते. विमानात मेतकुटाचा वास दरवळला त्याचे श्रेय आमच्याचकडे जाते. एकूण बावीस जण, त्यांतले सोळा साठीच्या पुढचे. पाच दिवसांपैकी चार दिवस बागा, पक्षी, उंच इमारती आणि बाजार यांत गेले. त्यांचे वर्णन आम्ही करीत नाही. ज्यांची मुले-सुना तिकडे आहेत त्यांनी ते पुष्कळदा ऐकले आहे, आणि ज्यांची नाहीत त्यांना ते ऐकविणारे शेजारी आहेत.

लिहावयाचे आहे ते उरलेल्या एका दिवसाविषयी. तो दिवस आमच्यातील एका मावशींच्या शब्दाखातर आखला होता. त्या वेळी त्यांनी यावर काही लिहू दिले नाही. यंदा त्यांनीच निरोप धाडला, "आता लिहा. नाव मात्र घालू नका."

मावशींचे वडील निजामी राज्यातील परभणी जिल्ह्याचे. इंग्रजांच्या हिंदी फौजेच्या रुग्णालयात ते कंपाउंडर म्हणून लागले आणि १९४१ मध्ये मलायाला गेले. मावशी तेव्हा पोटात होत्या. मुलगी झाल्याचे पत्र इकडून गेले. ते त्यांच्या हाती पडले की नाही हे घरात कोणास कधीच कळले नाही. मावशींनी वडिलांना पाहिले ते एका फोटोत, आणि त्या फोटोतही टोपीची सावली निम्म्या चेहऱ्यावर आलेली.

फोर्ट कॅनिंग ही टेकडी सिंगापूर शहराच्या ऐन मध्यावर आहे. कॅनिंग म्हणजे १८५७ च्या धामधुमीत कलकत्त्याच्या गादीवर असलेले आपले गव्हर्नर-जनरल. १८६७ पर्यंत सिंगापूरचा कारभार हिंदुस्थान सरकारकडेच होता, तेव्हा परक्या मुलखात हे नाव ओळखीचे वाटले तर नवल नाही. टेकडीवर आज गर्द झाडी आहे, हिरवळ आहे, आणि लग्नाचे फोटो काढून घेणारी जोडपी आहेत. या हिरवळीखाली सुमारे तीस फूट खोल इंग्रजांनी १९४० च्या आधीच्या चार-दोन वर्षांत एक बंकर बांधला. भिंती जाड काँक्रीटच्या, खोल्या तिसाच्या घरात. मलायातील इंग्रजी फौजेचे हे युद्धकाळचे भुयारी ठाणे. युद्धानंतर त्याचा लोकांना विसर पडला, दारे बंद झाली. १९८८ मध्ये ते पुन्हा उजेडात आले आणि १९९७ मध्ये संग्रहालय म्हणून उघडले. मध्यंतरी काही काळ ते बंद होते, आता पुन्हा खुले आहे. आम्ही सांगतो आहो ते २०१९ मध्ये पाहिलेले.

पायऱ्या उतरून खाली गेले की बाहेरचे ऊन आणि पाखरांचा आवाज एकदम तुटतो. अरुंद बोळ, दोन्ही अंगांना खोल्या. एकीत टेलिफोनची अदलाबदल, एकीत सांकेतिक तारा उलगडण्याचे काम, एकीत शत्रूची विमाने कोठवर आली हे नकाशावर मांडण्याची सोय. येथे वारा येतो तो यंत्राने. शेवटच्या दिवसांत या बोळांतून माणसांची इतकी दाटी झाली होती की श्वास घेणेही कठीण पडे, असे मार्गदर्शिकेने सांगितले. आमच्यातील दोघी तेवढ्यानेच घाबरून वर निघून गेल्या आणि झाडाखाली बसल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्हांसही तेथे घटकाभरापेक्षा अधिक राहवले नसते.

मार्गदर्शिका चिनी वंशाची, चाळिशीची, अत्यंत नेटकी बोलणारी. हकीकत तिने थोडक्यात पण नीट सांगितली. ८ डिसेंबर १९४१ च्या पहाटे जपानी फौजा मलायाच्या ईशान्येस कोटा बारू येथे उतरल्या. दोनच दिवसांनी इंग्रजांची 'प्रिन्स ऑफ वेल्स' व 'रिपल्स' ही दोन मोठी लढाऊ जहाजे जपानी विमानांनी बुडविली. पुढे जपानी सैन्य सायकलींवरून, रणगाड्यांतून, रबराच्या मळ्यांमधून खाली सरकत राहिले. जानेवारी संपता संपता सारा मलाया गेला, ८ फेब्रुवारीच्या रात्री खाडी ओलांडून शत्रू बेटावर आला, आणि आठवड्याच्या आत पाण्याचे तलाव त्याच्या हाती पडले. 'सिंगापूरच्या तोफा समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या' हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्यांतील काही तोफा जमिनीकडेही वळत होत्या. पण त्यांचे बहुतेक गोळे जहाजाचा पत्रा फोडण्याच्या कामाचे होते, पायदळावर त्यांचा फारसा उपयोग नव्हता, असा खुलासा तिने केला. आमच्या गुरुजींनी तो वहीत टिपून घेतला. चाळीस वर्षे इतिहास शिकविलेल्या माणसाने वही काढलेली पाहून आम्हांस बरे वाटले.

मग ती खोली आली. मधोमध मेज, भोवती मेणाचे अधिकारी. १५ फेब्रुवारी १९४२, रविवार, सकाळचे साडेनऊ. तो चिनी नववर्षाचा पहिला दिवस होता. सरसेनापती पर्सिव्हल यांनी आपल्या अधिकाऱ्यांपुढे दोन मार्ग ठेवले. एक तर उलट हल्ला करून पाण्याचे तलाव व धान्याची कोठारे परत घ्यावयाची, नाही तर शरण जावयाचे. नळ फुटले होते, पाणी एक-दोन दिवसांचे उरले होते आणि शहरात लक्षावधी माणसे होती. हल्ला करण्याची ताकद नाही, असे सर्वांनी सांगितले. मरेपर्यंत लढा, असा चर्चिलसाहेबांचा हुकूम पाचच दिवसांपूर्वी आलेला. पण वरिष्ठ सेनापती वेव्हेल यांनी अखेरचा निर्णय पर्सिव्हल यांच्यावर सोपविल्याची तारही आलेली. तेव्हा ठरले. त्याच सायंकाळी बुकित तिमाच्या रस्त्यावरील फोर्ड मोटारींच्या कारखान्यात जपानी सेनापती यामाशिता यांच्यासमोर सही झाली. यामाशिता यांच्यापाशी बेटावर उतरलेले सैन्य तीस हजारांच्या आसपास, आणि दारूगोळाही संपत आलेला. ते नेटाने आवाज चढवून बोलले ते त्यामुळेच. पण टेकडीच्या पोटातील त्या माणसांना हे ठाऊक नव्हते.

गुरुजींनी येथे एक प्रश्न विचारला. "बाई, या मेजाभोवती हिंदी माणूस कोणता?" मार्गदर्शिकेने हिथ यांच्या पुतळ्याकडे बोट दाखविले, ते तिसऱ्या हिंदी कोअरचे सेनापती होते. गुरुजी म्हणाले, ते हिंदी फौजेचे खरे, पण हिंदी नव्हेत. तिने ते लगेच कबूल केले. हिंदी माणूस या खोलीत कोणीच नव्हता. आणि मलायाच्या त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने मेले, जखमी झाले वा पकडले गेले असे जे सुमारे १ लाख ३८ हजार, त्यांत हिंदी होते सदुसष्ट हजारांवर. इंग्रजांपेक्षा आणि ऑस्ट्रेलियनांपेक्षा किती तरी अधिक.

आमच्या हैदराबादशी तर या लढाईचा संबंध पहिल्या रात्रीपासूनचा. कोटा बारूच्या विमानतळावर निजामाच्या फौजेची पहिली हैदराबाद इन्फंट्री पहाऱ्यावर होती. तेथील गोंधळात तिचा कर्नल मारला गेला. १९४२ च्या ७ जानेवारीस स्लिम नदीच्या रस्त्यावर अंधारात जपानी रणगाडे घुसले, त्यांच्या वाटेत प्रथम सापडली ती एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटण. तिचे नाव हैदराबादचे असले तरी जवान बहुतेक कुमाऊँ, जाट आणि अहीर. आज तिला कुमाऊँ रेजिमेंट म्हणतात. आपल्याकडे या नावाने पुष्कळांचा घोटाळा होतो म्हणून मुद्दाम सांगितले. इंग्रजांपाशी त्या वेळी मलायात एकही रणगाडा नव्हता. कित्येक हिंदी जवानांनी पहिला रणगाडा पाहिला तो आपल्या अंगावर येताना.

मावशी इतका वेळ गप्प होत्या. त्या मेणाच्या माणसांकडे बराच वेळ पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "यांनी सकाळी साडेनऊला ठरवलं. आईला कागद आला तो दीड वर्षानं."

त्या कागदावर 'बेपत्ता' एवढाच मजकूर होता. मृत नव्हे, कैदी नव्हे, बेपत्ता. या एका शब्दावर एका बाईने पुढे पंचेचाळीस वर्षे काढली. मावशींच्या आईने कुंकू पुसले नाही. सासऱ्यांनी सर्वपित्रीस मुलाचे पान वाढण्याचे एकदा काढले, तर ती माउली स्वयंपाकघरातून उठून विहिरीकडे चालू लागली. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. हळदीकुंकवास तिला बोलवावे की नाही, यावर गावात दोन तट होते. काही जणी बोलावीत, काही टाळीत. ती जाई मात्र सगळीकडे. १९८८ मध्ये ती गेली ती सवाष्ण म्हणून, हिरव्या लुगड्यात.

संग्रहालयातून बाहेर पडताना एक प्रसंग घडला तोही सांगितला पाहिजे. टेकडीच्या पायथ्याशी, धोबी घाट स्थानकाजवळ, कॅथे नावाच्या इमारतीचा जुना दर्शनी भाग राखून ठेवला आहे. (धोबी घाट हे नाव आपल्याच परटांचे, तेथील ओढ्यावर ते कपडे धूत.) याच इमारतीत ४ जुलै १९४३ रोजी सुभाषबाबूंनी पूर्व आशियातील हिंदी स्वातंत्र्य चळवळीची सूत्रे हाती घेतली आणि २१ ऑक्टोबर रोजी आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा केली. जर्मनीहून पाणबुडीतून त्यांच्याबरोबर आलेले आबिद हसन हे आमच्या हैदराबादचे. 'जय हिंद' हे अभिवादन त्यांनीच सुचविले असे मानतात. हे कळताच आमच्यातील काहींना भरून आले आणि त्यांनी भर रस्त्यात "जय हिंद"चा गजर केला. जपान्यांनी आपल्याला हात दिला, नाही तर इंग्रज कसला हलतो, असेही कोणी बोलून गेले. मार्गदर्शिका आम्हांस वाट दाखवीत तेथवर आली होती. ती शांतपणे म्हणाली, "माझ्या आजीचे भाऊ त्याच महिन्यात तपासणीला बोलावले म्हणून गेले. तेही परत आले नाहीत."

शरणागतीनंतर तीन दिवसांनी जपान्यांनी चिनी पुरुषांना गटागटाने बोलावून घेण्यास आरंभ केला. ज्यांच्यावर संशय आला त्यांना समुद्रकाठी नेऊन मारले. त्यांचा आकडा कोणी पाच हजार सांगतात, कोणी पन्नास हजार. बीच रोडवर १९६७ साली उभारलेले चार उंच खांबांचे स्मारक या काळात मारल्या गेलेल्या नागरिकांचे. आम्ही दुपारी तेथेही गेलो. ते आमच्या यादीत नव्हते. गजर करणाऱ्या मंडळींनीच जाण्याचे सुचविले, हे त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे.

धोबी घाटाहून मेट्रोने दुसरेच स्थानक फेरर पार्क. आम्ही गेलो तेव्हा येथे मोठे मैदान होते. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी, म्हणजे त्या मेजावरील निर्णयास दोन दिवस झाल्यावर, चाळीस हजारांवर हिंदी सैनिकांना या मैदानावर आणून उभे केले. गोऱ्या सैनिकांना निराळे काढून चांगीकडे पाठविले होते. एका इंग्रज अधिकाऱ्याने हिंदी सैनिक जपान्यांच्या स्वाधीन केल्याचे सांगितले. मग मेजर फुजिवारा जपानीत बोलले, त्याचे इंग्रजी व हिंदुस्थानी भाषांतर झाले. त्यांच्यानंतर कॅप्टन मोहनसिंग यांनी स्वातंत्र्यासाठी हिंदी सेना उभी करावयाची आहे, तीत या, अशी हाक दिली.

आम्ही पाहिले तेव्हा तेथे मुले फुटबॉल खेळत होती. बसावयास बाकेही फारशी नव्हती.

टेकडीखालच्या खोलीत मोजक्या माणसांनी, मेजाभोवती बसून, आकडे पुढ्यात घेऊन एक निर्णय केला. ती खोली जपली, तिच्यात पुतळे बसविले, तेथे माणसे मुद्दाम येतात. येथे, उघड्या मैदानात, चाळीस हजार माणसांपुढे त्याहून अवघड प्रश्न टाकला गेला. प्रत्येकाने तो एकट्याने सोडवावयाचा होता, आणि सल्ला विचारावयास गावाकडचे वडीलधारे कोणी नव्हते. काही महिन्यांत वीस हजारांच्या आसपास माणसे आझाद हिंद सेनेत गेली. उरलेले बंदिवासात राहिले. त्यांतील हजारोंना पुढे जहाजांतून न्यू गिनी, न्यू ब्रिटन अशा बेटांवर मजुरीसाठी नेले. तेथे भुकेने, रोगाने, मारहाणीने पुष्कळ मेले. गेलेल्यांतही सारे सुखाने होते असे नाही; खुद्द मोहनसिंगांना त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपान्यांनी अटक केली.

रात्री सेरंगून रोडवरील उपाहारगृहात डोसे खाता खाता यावरून वाद पेटला. गुरुजींचे म्हणणे, जे नेताजींच्या मागे गेले तेच खरे. बाकीचे साहेबाच्या मिठाला जागले, देशाच्या नव्हे. लष्करी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले आमचे तात्या म्हणाले, शपथ म्हणून काही असते, आणि जपानी संगिनीपुढे शपथ मोडणे याला राजीखुशी म्हणावयाचे की काय, हे आधी ठरवा. दोघेही आवाज चढवून बोलत होते. आमच्यापुरते सांगावयाचे तर आझाद हिंद सेनेचा अभिमान आम्हांस लहानपणापासून आहे आणि तो या सहलीने कमी झाला नाही. पण डोशाच्या ताटापुढे बसून न्यू गिनीच्या दलदलीत मेलेल्या विशी-बाविशीच्या पोराला भित्रा ठरविण्याचा अधिकार आम्हांस मान्य नाही. तो त्या मैदानावर तसाच उभा राहिला आणि नंतरही तसाच राहिला, हेही सोपे नव्हते. मावशी दोघांचे ऐकून म्हणाल्या, "आप्पा कुठल्या बाजूला गेले तेवढं सांगा, मग भांडा." वाद तेथेच थांबला.

वडिलांविषयी घरी शेवटची बातमी आली ती १९४६ मध्ये. परत आलेला नांदेडकडील एक शिपाई सांगत आला की नी सून येथील हिंदी कैद्यांच्या छावणीत त्याने कंपाउंडरसाहेबांना पाहिले होते, ते जखमा बांधीत होते. कोणत्या बाजूच्या माणसांच्या, हे त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

दुसऱ्या दिवशी विमान रात्रीचे होते. सकाळी मावशींबरोबर आम्ही सहा जण क्रांजीच्या युद्धस्मारकाकडे निघालो. मेट्रो उत्तरेकडे जाताना एका स्थानकाचे नाव पुकारले गेले, यिशुन. नी सूनचेच आजचे चिनी रूप. ते आम्ही आधी वाचून ठेवले होते. मावशींना सांगावे की नाही यावर दोघांची नजरानजर झाली, आणि सांगितले. त्या खिडकीकडे वळल्या. बाहेर ओळीने उंच घरे आणि वाळत घातलेले कपडे. गाडी अर्धा मिनिटही थांबली नसेल.

क्रांजीला टेकडीच्या उतारावर पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत आणि वर भिंतींवर चोवीस हजारांवर नावे कोरली आहेत. ज्यांचे थडगे सापडले नाही त्यांची ही नावे. आपापल्या धर्माप्रमाणे दहन झालेल्यांची, बहुतेक हिंदी सैनिकांची, नावे निराळ्या स्मारकावर आहेत. पलटणीपलटणींनी नावे लावली आहेत. राम, शंकर, गोविंद, महंमद, कर्तारसिंग. आम्ही वैद्यकीय दलाच्या नावांवरून बोट फिरवीत गेलो. ऊन चढले. तात्यांनी मावशींवर छत्री धरली होती. त्यांच्या वडिलांचे नाव सापडले नाही. आडनाव गाळून, नुसत्या नावाने पाहिले, इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी ते चुकवता येईल तितक्या तऱ्हांनी पाहिले, तरी नाही. गुरुजी म्हणाले, म्हणजे ते आझाद हिंद सेनेत गेले असतील. तात्या म्हणाले, किंवा नोंदच झाली नसेल. मावशींनी पिशवीतून घरची फुले काढली. हैदराबादेहून आणलेली, चार दिवसांत सुकलेली. ती कोठे वाहावीत हे त्यांस क्षणभर सुचेना. मग ज्या दगडावर नाव नव्हते अशा एका दगडापाशी त्यांनी ती ठेवली. अशा दगडांवर फक्त एका अनाम सैनिकाची ही जागा एवढेच कोरलेले असते.

परतल्यावर मावशींनी त्या वर्षी प्रथमच सर्वपित्रीस वडिलांचे पान वाढले. त्यांच्या भावजयीने विचारले की आता कळले का काही. त्या म्हणाल्या, कळले काहीच नाही, पण आईला जाऊन एकतीस वर्षे झाली, आता त्यांना उपाशी का ठेवू.

मावशींनी लिहावयास परवानगी दिली ती एका हेतूने, आणि तो पुरा करून आम्ही हे सदर थांबवितो. मराठवाडा व तेलंगणातील आपल्या घरांतून १९४० ते १९४५ मध्ये फौजेत गेलेल्या माणसांची पत्रे, सैनिक क्रमांकाचे कागद, निवृत्तिवेतनाचे हुकूम, आझाद हिंद सेनेची ओळखपत्रे कोठे ट्रंकेत पडली असतील तर त्यांची नक्कल मंडळाच्या कचेरीत आणून द्यावी. मूळ कागद देऊ नयेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंद नावावरून शोधता येते, आणि तीत पुष्कळदा बापाचे नाव व गावही दिलेले असते. मात्र त्या काळच्या कारकुनांनी आपली नावे इंग्रजीत कशीही लिहिली आहेत, म्हणून सैनिक क्रमांक असल्यास काम सोपे होते. तात्या दर शनिवारी सायंकाळी पाच ते सात कचेरीत बसतात. नी सूनच्या छावणीत असलेल्या कोणा परभणी-नांदेडकडील माणसाचे पत्र निघाल्यास ते त्यांना आधी दाखवावे.